बंद लिफाफा आणि नावांची यादी

साधारण चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी मी महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो. अधिव्याख्याता पदाच्या एका जागेसाठी मुलाखती होत्या आणि विभागप्रमुख म्हणून निवड समितीत मलाही खुर्ची होती. त्या दिवशी आलेल्या उमेदवारांत एक तरुणी सगळ्यांत सरस होती. वाचन चांगले, उत्तरे नेमकी. ती बाहेर गेली आणि समितीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, ‘‘पोरगी हुशार आहे हो, पण उद्या लग्न झालं की जाईल. मग पुन्हा जाहिरात, पुन्हा हाच खटाटोप.’’ सगळे हसले. मीही हसलो.

अहवालात अर्थातच हे वाक्य आले नाही. तिथे लिहिले गेले, ‘विषयाची मांडणी समाधानकारक नाही.’ सगळ्यांनी सह्या केल्या, मीही केली. कागद लिफाफ्यात गेला, लिफाफ्यावर लाख लागली आणि ‘गोपनीय’ असा शिक्का बसला. त्या मुलीला आपण का नाकारलो गेलो, हे कधी कळले नसणार. विचारायला आली असती तर आम्ही तिला काय सांगितले असते, तेही मला ठाऊक आहे. ‘निवड समितीचे कामकाज गोपनीय असते.’

आज मला अशाच एका बंद लिफाफ्याविषयी बोलायचे आहे. तो लिफाफा होता अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातला. सरकारने तो उघडायला सांगितला, विद्यापीठाने नकार दिला आणि भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेले.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची व्हार्टन ही व्यवस्थापनशास्त्राची शाळा जगभर प्रसिद्ध आहे. तिथे रोझली तुंग नावाच्या चिनी वंशाच्या प्राध्यापिका शिकवत होत्या. अमेरिकेत काही वर्षे शिकवल्यावर प्राध्यापकाची कसोटी लागते. बाहेरच्या विद्वानांकडून त्याच्या कामावर अभिप्राय मागवतात, सहकारी मत देतात. कौल अनुकूल पडला तर नोकरी कायम, नाही तर गाशा गुंडाळायचा. १९८५ साली तुंगबाईंना कायम करण्यास विद्यापीठाने नकार दिला.

त्यांनी समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार केली. वंश, लिंग आणि मूळ देश या कारणांवरून आपल्याला डावलले, असे त्यांचे म्हणणे होते. विभागप्रमुखांनी आपल्याशी गैरवर्तन केले आणि संबंध केवळ कामापुरते ठेवा, असे बजावल्यावर आपल्याविरुद्ध प्रतिकूल पत्र पाठवले, असाही त्यांचा आरोप होता. आपल्याइतकीच किंवा आपल्याहून कमी योग्यता असलेले पाच पुरुष मात्र कायम झाले, असे त्यांनी नावांनिशी सांगितले. चीनविषयक संशोधनात व्हार्टनला रस नाही, असे कारण पुढे केले गेल्याचेही त्यांच्या कानावर आले होते. त्यांच्या मते त्याचा खरा अर्थ एवढाच होता, की चिनी वंशाची बाई आम्हाला नको.

खरे-खोटे ठरवायचे तर कागद पाहायला हवेत. आयोगाने तुंगबाईंची आणि त्या पाच पुरुषांची निवडीची कागदपत्रे मागितली. विद्यापीठाने बाकीचे कागद देऊ केले. पण बाहेरच्या विद्वानांचे अभिप्राय, विभागप्रमुखांचे पत्र आणि समितीतल्या चर्चेच्या नोंदी देणार नाही, असे कळवले. कारण सांगितले शैक्षणिक स्वातंत्र्याचे. अभिप्राय उघडे पडणार म्हटल्यावर कोण मोकळेपणाने लिहील? गुळमुळीत पत्रे येऊ लागतील आणि विद्यापीठाचा दर्जा घसरेल. शिवाय कोणी शिकवावे, हे ठरवण्याचा अधिकार विद्यापीठाचा, त्यात सरकारने डोकावू नये.

हा युक्तिवाद पोकळ नव्हता. त्यामागे एक मोठा आणि मानाचा इतिहास होता, म्हणून थोडे मागे जायला हवे.

१९५० च्या दशकात अमेरिकेत कम्युनिस्टांच्या शोधाचे वारे अंगात आले होते. पॉल स्वीझी हे मार्क्सवादी अर्थतज्ज्ञ. त्यांनी मार्च १९५४ मध्ये न्यू हॅम्पशायर विद्यापीठात सुमारे शंभर विद्यार्थ्यांपुढे व्याख्यान दिले. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने त्यांना बोलावून विचारले, व्याख्यानात तुम्ही काय सांगितले? समाजवाद अटळ आहे असे म्हणालात का? स्वीझींनी उत्तर द्यायचे नाकारले आणि न्यायालयाच्या अवमानाबद्दल ते दोषी ठरले. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. त्या खटल्यात न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी स्वतंत्र मत लिहिले आणि त्यात विद्यापीठाची चार स्वातंत्र्ये नोंदली. कोणी शिकवावे, काय शिकवावे, कसे शिकवावे आणि कोणाला प्रवेश द्यावा, हे विद्यापीठाने स्वतः ठरवावे. पुढे अमेरिकेत शैक्षणिक स्वातंत्र्याचा प्रश्न आला, की हे चार मुद्दे हमखास पुढे येऊ लागले.

आता गंमत पाहा. ही चार स्वातंत्र्ये फ्रँकफर्टर यांची स्वतःची नव्हती. त्यांनी ती घेतली होती दक्षिण आफ्रिकेतून. तिथले वर्णद्वेषी सरकार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने शिकू देणाऱ्या विद्यापीठांची दारे बंद करायला निघाले होते. केप टाउन आणि विटवॉटर्सरँड या दोन विद्यापीठांतल्या विद्वानांनी १९५७ मध्ये त्याविरुद्ध निवेदन काढले. कोणाला प्रवेश द्यायचा हे आम्ही ठरवू, असे ते म्हणाले ते दारे उघडी ठेवण्यासाठी. सरकारने ऐकले नाही. १९५९ चा कायदा झाला आणि मंत्र्याच्या परवानगीवाचून कृष्णवर्णीयांना त्या विद्यापीठांत नाव घालता येईना.

म्हणजे ज्या शब्दांचा जन्म वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात झाला, त्याच शब्दांचा आधार तीस वर्षांनी एक विद्यापीठ वंशभेदाच्या तक्रारीची चौकशी अडवण्यासाठी घेत होते. शब्द तेच, पण ते आता दाराच्या आतल्या बाजूने बोलले जात होते.

अमेरिकेच्या कायद्यातही मधल्या काळात एक वळण आले होते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ देश यांवरून भेदभाव करायला बंदी घातली. पण शिकवण्याच्या कामावर असलेल्यांपुरती शिक्षणसंस्थांना त्यातून सूट होती. १९७२ साली अमेरिकी संसदेने ती सूट काढून टाकली. विद्यापीठे शहाण्यांची असली तरी पूर्वग्रहांपासून मुक्त नाहीत, हे तिने मान्य केले.

विद्वानांना हे पचायला वेळ लागला. जॉर्जिया विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स डिनन यांचे उदाहरण बोलके आहे. एका शिक्षिकेने बढती नाकारल्याबद्दल लिंगभेदाचा दावा लावला होता. डिनन बढतीच्या समितीत होते. तुम्ही मत कोणत्या बाजूने दिले, असे न्यायालयाने विचारले आणि त्यांनी सांगायला नकार दिला. आधी दंड झाला, तरी ते बधले नाहीत. १९८० साली त्यांना तीन महिन्यांच्या तुरुंगवासासाठी पाठवले गेले. काहींना ते हुतात्मा वाटले. पण १९८१ मध्ये वरच्या न्यायालयाने स्पष्ट केले, की असा विशेषाधिकार कायद्यात नाही. दुसऱ्याच्या पोटापाण्याचा निर्णय करणाऱ्याने त्याचा जबाब द्यायची तयारी ठेवली पाहिजे.

डिनन यांची गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा त्यांच्याविषयी आदर वाटला. नंतर आमचा तो लाखेचा लिफाफा आठवला आणि आदर थोडा ओसरला. गुप्ततेसाठी तुरुंगात जाणे धैर्याचे खरे, पण गुप्तता कोणाच्या उपयोगी पडते आहे, हेही विचारायला हवे.

९ जानेवारी १९९० रोजी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या खटल्याचा निकाल लागला. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एका मताचे होते. निकालपत्र न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी लिहिले. स्वीझींच्या वेळी सरकार वर्गात काय बोलावे यावर नियंत्रण आणू पाहत होते. इथे कोणाला नेमा किंवा नेमू नका, असे सरकार सांगत नाही. कायद्याने निषिद्ध ठरवलेल्या कारणावरून कोणाला वगळले का, एवढेच तपासते आहे. भेदभावाचा पुरावा असलाच तर तो याच गोपनीय अभिप्रायांत सापडायचा, मग तेच झाकून चौकशी कशी होणार? आणि अभिप्राय उघड होतील म्हणून विद्वान घाबरतील, या भीतीविषयी ब्लॅकमन यांनी म्हटले, की काही जण सावध होतील, पण काही जण आपले मत अधिक नेमक्या उदाहरणांनी पटवून देतील. लिहिणाऱ्यांची नावे झाकून कागद देता येतील का, हा प्रश्न मात्र सर्वोच्च न्यायालयाने सोडवला नाही. लिफाफा उघडावा लागेल, हे ठरले.

तुंगबाई पुढे कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांची जी मोठी संघटना आहे, त्या अ‍ॅकॅडमी ऑफ मॅनेजमेंटच्या २००३-०४ या वर्षात त्या अध्यक्ष होत्या. चीनविषयी ज्ञान असलेल्यांना तोपर्यंत साऱ्या जगातून मागणी आली होती.

इथेच भाषण संपवता आले असते. लबाड गुप्तता हरली, न्याय जिंकला. पण इतिहास असा सरळ रेषेत चालत नाही. कागद उघडण्याची सत्ता एकदा सरकारच्या हाती आली, की कोणता कागद, हा प्रश्न उरतोच.

आमच्या महाविद्यालयातलीच आणखी एक आठवण सांगतो. एकदा कुठल्याशा कार्यालयातून फोन आला. एका विशिष्ट समाजाच्या विद्यार्थ्यांची नावे आणि घरचे पत्ते हवेत, आजच्या आज पाठवा. आमचे हेडक्लार्क जुन्या वळणाचे होते. ते म्हणाले, ‘‘साहेब, लेखी पाठवा. कशासाठी पाहिजे तेही लिहा. मग प्राचार्यांपुढे ठेवतो.’’ लेखी पत्र काही आले नाही. त्या वेळी आम्हाला वाटले, हेडक्लार्क उगाच ताणतात. आज वाटते, निवड समितीतल्या आम्हा सगळ्यांपेक्षा त्या माणसाला कागदाची किंमत अधिक कळत होती.

यादी आणि लिफाफा यांतला फरक अमेरिकेच्या न्यायालयाने १९५८ मध्येच ओळखला होता. अलाबामा राज्यात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेकडे राज्याने सभासदांची नावे-पत्ते मागितले. संघटनेने बाकीची बहुतेक माहिती दिली, पदाधिकाऱ्यांची नावेही दिली. सामान्य सभासदांची यादी मात्र दिली नाही. एक लाख डॉलर दंड झाला, तरी दिली नाही. ती यादी बाहेर गेली असती तर कोणाची नोकरी गेली असती, कोणाच्या घरावर दगड आले असते. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने संघटनेच्या बाजूने कौल दिला. आपण कोणाबरोबर उभे आहोत हे सरकारला न सांगता उभे राहता येणे, हाही स्वातंत्र्याचा भाग आहे, असे त्या निकालाचे सार.

युरोपात तर याद्यांचा इतिहास अंगावर काटा आणणारा आहे. जर्मनांनी हॉलंड व्यापल्यावर ऑक्टोबर १९४० मध्ये सर्व सरकारी सेवकांकडून एक फॉर्म भरून घेतला. प्राध्यापकही त्यात आले. तुमचे आईवडील, आजीआजोबा यांपैकी कोणी ज्यू आहे का, एवढाच प्रश्न. बहुतेकांनी तो निमूटपणे भरून दिला. कागदच तर आहे, असे त्यांना वाटले असेल. महिन्याभरात ज्यू प्राध्यापकांना कामावरून दूर केले गेले. २६ नोव्हेंबर १९४० रोजी लायडन विद्यापीठात विधी शाखेचे प्रमुख क्लेव्हरिंगा यांनी आपले गुरू प्राध्यापक मेयर्स यांच्या बडतर्फीचा भर सभागृहात निषेध केला. विद्यार्थ्यांनी संप केला. क्लेव्हरिंगांना अटक झाली, विद्यापीठ बंद पडले. जानेवारी १९४१ पासून सर्वच ज्यूंना नोंदणीची सक्ती झाली. नोंदलेल्या सुमारे एक लाख चाळीस हजारांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश माणसे युद्ध संपेपर्यंत मारली गेली.

एवढी पार्श्वभूमी सांगितली, ती २०२५ सालासाठी. पुन्हा तेच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ आणि पुन्हा तोच समान रोजगार संधी आयोग. या वेळी चौकशीचा विषय होता, विद्यापीठातल्या ज्यू कर्मचाऱ्यांना विद्वेषी वातावरण सोसावे लागते का? २०२३ च्या अखेरीस आयोगाच्या एका सदस्येने स्वतःहून ही तक्रार नोंदवली होती. आयोगाने जे मागितले त्यात विद्यापीठाशी निगडित ज्यू संघटनांचे सभासद आणि ज्यू अभ्यास केंद्रातले कर्मचारी यांची नावे, घरचे पत्ते, फोन यांचा समावेश होता. विद्यापीठाने नकार दिला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आयोग न्यायालयात गेला.

आयोगाची बाजूही ऐकली पाहिजे. मालकाविरुद्धच्या चौकशीत साक्षीदार मालकाच्या मध्यस्थीवाचून भेटले पाहिजेत. नोकरीच्या भीतीने माणसे आपण होऊन पुढे येत नाहीत, हे तुमच्या-माझ्या अनुभवातले सत्य आहे. विद्यापीठाने पर्याय सुचवला. आम्ही सर्व कर्मचाऱ्यांना कळवतो, ज्यांना बोलायचे असेल ते आयोगाशी थेट संपर्क साधतील. आणि ज्यांच्या रक्षणासाठी ही चौकशी होती, त्या विद्यापीठातल्या ज्यू प्राध्यापकांनी आणि संघटनांनीच यादीला कडाडून विरोध केला. हेतू चांगला असेल, पण ज्यूंची यादी सरकारदरबारी जाणे आम्हाला सोसत नाही, असे ते म्हणाले. हॉलंडची गोष्ट ज्यांच्या घरात सांगितली जाते, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. आजचा अमेरिकी आयोग म्हणजे तेव्हाचे जर्मन सरकार, असे कोणी म्हणू नये. मीही म्हणत नाही. पण यादी करणाऱ्याचा हेतू यादीवर लिहिलेला नसतो. हात बदलले, की तीच यादी दुसऱ्या कामाला लागते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने सुमारे १६० जणांना कळवले, की ज्यूविरोधाच्या तक्रारींच्या चौकशीत केंद्रीय शिक्षण खात्याला दिलेल्या कागदांत तुमचे नाव आहे. त्यांत प्राध्यापक होते, विद्यार्थीही होते. तत्त्वज्ञानाच्या क्षेत्रात गाजलेले ज्युडिथ बटलर हे नावही होते. कायद्याने देणे भाग होते, असे विद्यापीठाचे म्हणणे. पण नाव नेमके कशासाठी गेले, आरोप काय, हे त्या माणसांना कळले नव्हते. तुंगबाईंच्या वेळी तक्रार करणारी व्यक्ती समोर होती, तिचा प्रश्न नेमका होता आणि कागद त्या प्रश्नाचे उत्तर देणारे होते. इथे माणसे अंधारात आणि कागद प्रवासाला.

मग नियम कोणता धरायचा? विद्यापीठाचे सगळे झाका म्हटले, तर आमच्यासारख्यांच्या समित्या लाख लावून मोकळ्या होतात. सरकारला सगळे द्या म्हटले, तर हेडक्लार्कना फोन येऊ लागतात. इतिहासाने मला एक साधा प्रश्न शिकवला आहे. ही गुप्तता कोणाला राखते? निर्णय घेणाऱ्याला, की ज्याच्यावर निर्णय लादला जातो त्याला? ज्याच्या हाती खुर्ची आहे त्याने आपल्या निर्णयाची कारणे दाखवलीच पाहिजेत. ज्याने ना निर्णय घेतला ना तक्रार केली, त्याचा धर्म, पत्ता आणि संघटना ही त्याची स्वतःची गोष्ट आहे. ती त्याला विचारल्यावाचून कोणी कोणाच्या हवाली करू नये. चौकशी अडू न देता हे साधता येते. मागणी लेखी आणि नेमकी असावी, संबंध नसलेली नावे झाकावीत, ज्याचे नाव जाणार त्याला आधी कळवावे आणि वाद झाला तर न्यायाधीशाने पाहावे. आमच्या हेडक्लार्कनी यातला अर्धा भाग एका फोनवर सांगितला होता.

शैक्षणिक स्वातंत्र्य हा शब्द उच्चारताना म्हणूनच मी आता जरा थांबतो. तो शब्द केप टाउनच्या विद्वानांनी दारे उघडी ठेवण्यासाठी वापरला आणि स्वीझींनी मान न वाकवण्यासाठी. त्या दिवशी कोणी आमचा लिफाफा उघडायला आले असते, तर मीदेखील तोच शब्द वापरला असता, छाती पुढे काढून वापरला असता. आणि त्या एका शब्दाआड मी जे झाकले असते ते इतिहासाचे ज्ञान नव्हते, विद्यापीठाचा दर्जाही नव्हता. ते होते एका हुशार मुलीला बाहेर बसवून आतल्या सगळ्यांनी केलेले हसू. त्या कागदावर माझी सही अजून असेल.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)